गाळलेला ‘न’

इंदूकाकूच्या हातात कुठलाही कागद दिला की ती तो आधी उलटा करून बघायची. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, डॉक्टरांची चिठ्ठी असो. मागची बाजू पाहून झाली की मगच पुढची वाचायची. एकदा एक ओळखीचे गृहस्थ मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. काकूनं पत्रिका उलटवली, तर मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘फक्त अक्षता’. म्हणजे ह्यांना जेवायला धरू नये. काकूनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, “बरं. अक्षतांना येऊ, जेवून येऊ.” गृहस्थांनी समोरचा चहा तसाच सोडला. ते गेल्यावर आई काकूवर चिडली, तर ही शांतपणे म्हणाली, “पुढं लिहितात ते लोकांसाठी असतं हो. मागं लिहितात ते खरं असतं.”

ही सवय तिला नोकरीत लागलेली. जुन्या कागदपत्रांच्या एका दफ्तरात ती मोडी वाचायला होती. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लग्नानंतर दोन वर्षांतच टायफॉइडनं गेले. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही, माहेरी कोणी नाही. नारायण पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती राहिली, कारण दुसरीकडे जाणार कुठं? लहानपणी तिला वडिलांनी मोडी शिकवली होती, तेवढ्यावर तिनं ती नोकरी मिळवली. फिकं पाचवारी पातळ, जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं मोजकं. बहुतेक गोष्टींना तिचं उत्तर एकच होतं, “बरं.” पण ह्या ‘बरं’चे पंधरा-वीस प्रकार होते आणि त्यातले निम्मे ऐकणाऱ्याच्या वर्मी लागायचे.

माझे वडील, दादा, शाळेत मराठीचे शिक्षक. पुढे मुख्याध्यापक झाले. घरातही ते मुख्याध्यापकच असत. आमटीत मीठ कमी असेल तर ते तसं म्हणत नसत, ‘लवणाचा लोप झालेला दिसतो’ असं म्हणत. त्यांच्या आयुष्यात अभिमानाच्या दोन गोष्टी होत्या. एक व्याकरण, आणि दुसरी आमच्या घराण्यातली सती.

आडनाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी चार जण दारात येऊन उभे राहतील. आमचे मूळपुरुष रामाजीपंत पेशवाईच्या अखेरीला कुणा सरदाराकडे कारकून होते. नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढं त्यांना थोडी जमीन मिळालेली. पेशवाई बुडाली, पाठोपाठ तेही वारले, आणि त्यांची बायको सगुणाबाई सती गेली, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. देवघरात तिचा चांदीचा टाक होता. मार्गशीर्षातल्या वद्य पंचमीला सतीची पंचमी व्हायची. पुरणावरणाचा स्वयंपाक, टाकाची पूजा, हिरवा खण, बांगड्या, खणानारळानं ओटी, सवाष्णींच्या पंगती.

आता यातली गंमत बघा. हा सगळा स्वयंपाक काकू करायची. ओलेत्यानं, सोवळ्यात, पाटावर बसून पुरण वाटायची. पण ओटी भरायला ती चालत नसे. पूजा सुरू झाली की तिनं स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं. दादा तीर्थ घेऊन झालं की दर वर्षी तेच बोलत. “आपल्या घराण्यातल्या स्त्रियांमध्ये असं तेज होतं. पतीमागं क्षणभर राहिली नाही ती.” हे बोलताना ते दाराकडे बघत नसत, पण आवाज दाराच्या दिशेनं जाईल इतकी काळजी घेत. खोलीतले सगळे टाकाला नमस्कार करत आणि एकदा तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहत. मीही पाहिलेलं आहे. कशाला खोटं बोलू?

मी कॉलेजात असताना एका पंचमीला पंगत उठल्यावर काकूला विचारलं, “तुला राग नाही येत, काकू?”

ती पुरणाचं पातेलं खरवडत होती. म्हणाली, “तेज होतं म्हणतात ना? लाकडं कोरडी असतील.”

मी हसलो. ती नाही हसली.

पुढं दादांनी निवृत्त झाल्यावर कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं. घराण्याचा समग्र इतिहास, वंशावळ, फोटो, सगळं एका जाडजूड पुस्तकात. भाऊबंदांची समिती झाली, दादा अध्यक्ष झाले. कपाटात जुन्या कागदांचा एक रुमाल बांधून ठेवलेला होता, गेल्या दोन पिढ्यांत कोणी सोडला नव्हता. माझ्या पणजोबांनी त्यातल्या काही पत्रांच्या बाळबोध, म्हणजे देवनागरी, नकला करून ठेवल्या होत्या, त्यावरच सगळ्यांचं भागत होतं. आता पुस्तक छापायचं तर मूळ कागद वाचून घेतलेले बरे, असं समितीनं ठरवलं. घरातच मोडी जाणणारी बाई आयती होती. दादा म्हणाले, “इंदिराबाई, नकला पडताळून द्या. नव्यानं काही शोधायचं नाही, फक्त पडताळायचं.”

“बरं,” काकू म्हणाली.

त्यानंतर तीन महिने आमच्या माजघरातल्या खिडकीशी काकू, मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि कागदावर तिचं बोट, हेच दृश्य होतं. मी तेव्हा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. कामावरून आलो की तिच्याजवळ बसायचो. मोडी मला कधी आली नाही, पण काकूनं त्या लिपीचा स्वभाव मला समजावला होता. मोडीत आधी एक लांबलचक रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, अनुस्वारही असला तर असला. शब्द कुठं तोडायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. “म्हणून मोडी वाचताना आपलं मन बाजूला ठेवावं,” काकू म्हणायची. “नाहीतर हवं तिथं तोडतो माणूस.”

एका रविवारी मी मंडईतून भाजी घेऊन आलो, तर ती खिडकीशी नुसती बसलेली. चष्मा काढून हातात धरलेला. मला म्हणाली, “पिशवी ठेव आणि इथं बस. मी बोट ठेवते, तू एकेक अक्षर म्हण. मोठ्यानं नको.”

तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी म्हणत गेलो. कुटुंब. स. ती. न. गे. ली. मुलगी लहान सबब.

“जोडून म्हण.”

“कुटुंब सती न गेली, मुलगी लहान सबब.” मी म्हटलं. कुटुंब म्हणजे बायको, एवढं मला कळत होतं.

रामाजीपंत वारल्याची खबर त्यांच्या चुलत्याला कळवणारं पत्र होतं ते. पणजोबांनी नक्कल करताना तो ‘न’ गाळला होता. चुकून की मुद्दाम, देव जाणे. सगुणाबाई सती गेलीच नव्हती. लहान मुलगी होती पदरात, म्हणून मागं राहिली. काकूनं कागद उलटवला. मागं दुसऱ्या हातानं, बहुधा चुलत्यानं, दोन ओळी लिहिल्या होत्या. बाईस घरात ठेवू नये. वाघोलीकडील जमिनीवर मुलीसह लावून द्यावी.

“जिवंत राहिली म्हणून हाकलली,” काकू म्हणाली, “आणि हाकलून झाल्यावर जाळली. पणजोबांनी, कागदावर.” मग पातळाच्या पदरानं चष्मा पुसत बसली. पुसून झाला तरी पुसतच होती. माझ्यासमोर ती रडली ती तेवढीच.

त्या संध्याकाळी तिनं कागद दादांसमोर ठेवला. दादांनी भिंग घेऊन तो दहा मिनिटं पाहिला. मला वाटलं होतं, चिडतील. पण दादा चिडले नाहीत. त्यांनी व्याकरण काढलं.

“हे ‘सती न गेली’ नाही,” ते म्हणाले. “हे ‘सतीनं गेली’ आहे. अनुस्वार मोडीत देत नाहीत. तृतीया विभक्ती, एकवचन. सतीनं, म्हणजे सतीच्या मार्गानं, गेली.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पदराला हात पुसत उभी राहिली.

“दादा,” काकू म्हणाली, “माणूस टांग्यानं जातं. वाटेनं जातं. तापानं जातं. सतीनं कोणी जात नाही.”

“जुन्या मराठीत जात असत.”

“मग ‘मुलगी लहान सबब’ कशाला? मुलगी लहान म्हणून आई जळाली?”

“ते पुढच्या वाक्यातलं आहे. मोडीत पूर्णविराम नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको.”

“बरं,” काकू म्हणाली. हा ‘बरं’ मी आधी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिनं रजा काढली आणि मला घेऊन एस.टी.नं वाघोलीकडे निघाली. त्या काळी तिकडे ज्वारीची शेतं आणि बाभळी, बाकी काही नाही. आमची जमीन केव्हाच कुळांकडे गेली होती. पण शेताच्या बांधाला एक दगडी ओटा होता, त्याला घरात सगळे ‘सतीचा ओटा’ म्हणत. दादा लहानपणी एकदा तिथं नारळ फोडून आले होते. बांधावर धोंडिबा नावाचे एक सत्तरी ओलांडलेले शेतकरी भेटले. काकूनं विचारलं, “सतीचा ओटा हाच का?”

“सतीचा?” धोंडिबा म्हणाले. “सतीबिती काय न्हाई बाई. बाईचा वटा हाय ह्यो. बामणाची बाई ऱ्हायची हितं. आमची आज्जी परकरात हुती तवा लई म्हातारी झालती म्हनं. दात न्हवतं, भाकर दुधात कुस्करून खायची. सांजच्याला ह्या वट्यावर बसून वाती वळायची. आज्जीनं तिच्यापाशीच शिकल्या वाती वळायला.”

“आणि मुलगी?”

“लेक दिली कुटं तरी लांब. पुन्यास्नं कोन आलं न्हाई का गेलं न्हाई. मेली तवा गावानंच पोचवली तिला.” मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. “तुमी कोन म्हनायचं?”

आम्ही कोण? मी आडनाव सांगणार होतो, काकूनं माझा दंड दाबला. “आम्ही पुण्याहून आलो,” ती म्हणाली. “उशीर झाला जरा.”

मग ती ओट्यावर जाऊन बसली. ऊन चांगलंच होतं. मी म्हटलं, चल, गाडी चुकेल. ती म्हणाली, “चुकू दे. एवढी वर्षं हिच्या पुरणाला मी दाराआड उभी राहिले. एकदा हिच्या शेजारी बसून बघते.” येताना एस.टी.त ती माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं आख्ख्या आयुष्यात बोलली नसेल. तिला काही मोठं नको होतं. पुस्तकात तेवढं एक वाक्य बरोबर छापून यावं, एवढंच. “तो ‘न’ छापला ना, की माझं काम झालं,” ती म्हणाली. “मग पंचमीला मला बाहेर येऊन उभं राहता येईल. तीही राहिली, मीही राहिले. त्यात लाज कसली?” आणि मग, “तू छापखान्यात आहेस. तू लक्ष ठेव.”

“ठेवतो,” मी म्हणालो. असं म्हणायला काय जातं?

तिनं समितीला दिलेल्या मजकुरात वाक्य तसंच लिहिलं. काम आमच्याच छापखान्याकडे आलं होतं. ते पान जुळलं, प्रूफ निघालं, मी वाचलं, ‘न’ जागेवर होता. प्रूफ अध्यक्षांच्या सहीसाठी घरी आणलं. दादांनी तांबडी शाई घेतली, ‘न’वर एक बारीक आडवी रेघ मारली, समासात गाळण्याची खूण केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, “देशपांड्यांना मी उद्या होकार कळवतो आहे.”

हे सांगितलंच पाहिजे. देशपांड्यांची मुलगी मला पसंत होती. पोटजात वेगळी होती आणि त्यावरून घरात सहा महिने अबोला चालू होता. त्या दिवशी दादांनी मान तुकवली. ‘न’ आणि होकार ह्यांचा काही संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. दोघांनाही मराठी चांगलं येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो तेव्हा कंपॉझिटर जेवायला गेला होता. मी थांबू शकत होतो. मी थांबलो नाही. चिमटा घेतला आणि त्या ओळीतला ‘न’चा खिळा, ते शिशाचं अक्षर, मी स्वतः उपसला. मोकळी पडलेली जागा भरायला शब्दांच्या मधे पट्ट्या घातल्या आणि ओळ पुन्हा आवळली. दोन मिनिटांचं काम. खिळा बोटाच्या पेराएवढासुद्धा नव्हता. तो मी खिळ्यांच्या पेटीतल्या त्याच्या घरात टाकून दिला, बाकीच्या ‘न’मध्ये.

पुस्तकाची पहिली प्रत मीच काकूला आणून दिली. तिनं ती आधी मागून पाहिली, मग पान काढलं, मग ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

“छपाईत राहिलं गं,” मी म्हणालो. “कधी कधी होतं असं. खिळा सैल असतो. न पडला.”

तिनं मान वर केली. “काय म्हणालास?”

“न पडला.”

“हं. नीट बोललास. न पडला, म्हणजे पडला नाही.” तिनं पुस्तक मिटलं. “काढला.”

ती उठली, पुस्तक फडताळात ठेवलं आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, “ज्यानं काढला त्यानं घालावा. मी सांगणार नाही.”

त्यानंतर तिनं मला कधी कागद वाचायला दिला नाही. विजेचं बिलसुद्धा नाही.

एका मंगल कार्यालयात कुलवृत्तांताचं प्रकाशन झालं. दादांना शाल, श्रीफळ. प्रस्तावनेत लिहिलं होतं, ‘मोडी वाचनाच्या कामी घरच्या मंडळींचे साह्य झाले’. काकू कोठीघरात नारळ मोजून देत होती. मी तिकडे डोकावलो, तर म्हणाली, “मंडळी म्हणजे मी. बहुवचन दिलंय मला. व्याकरण जाणणारं घर आहे.”

त्या वर्षीच्या पंचमीला आईनं तिला चणाडाळ निवडायला दिली, तर काकूनं सूप परत तिच्या हातात ठेवलं. “ह्या वर्षापासून मी करणार नाही,” ती म्हणाली. “जिच्यासाठी स्वयंपाक करायचा ती भाकरी खाऊन म्हातारी होऊन गेलेली आहे.” दादा बाहेरून ओरडले. काकू “बरं” म्हणाली आणि दोन महिन्यांत बिबवेवाडीला एका खोलीत राहायला गेली. माझं लग्न नुकतंच झालं होतं. ‘तुम्हालाही जागा हवी’ असं ती माझ्या बायकोला म्हणाली. बायकोला वाटलं, किती समजूतदार बाई आहे. मी बायकोला खरं सांगायला तीस वर्षं घेतली.

बिबवेवाडीच्या खोलीत मी महिन्याकाठी जायचो. ती चहा करायची, तब्येत विचारायची, मुलांचं विचारायची. कुठं कमी नाही की जास्त नाही. परक्याशी वागावं तसं नीट वागायची. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. तिला ते माहीत असणार.

एक मात्र नवल होतं. जन्मात कुणाकडे न जाणारी काकू निवृत्तीनंतर भाऊबंदांच्या घरोघरी जाऊ लागली. कोथरूड, सहकारनगर, चिंचवड, बसनं, एकटी. जायची, चहा घ्यायची आणि म्हणायची, “तुमच्याकडचा कुलवृत्तांत द्या हो जरा, एक साल बघायचं आहे.” दहा मिनिटं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि परत द्यायची. लोक हसायचे. म्हातारीला वंशावळीचं वेड लागलंय म्हणायचे. दादा गेले तेव्हा ती आमच्याकडे दिवसांसाठी येऊन राहिली, तेरा दिवस मुकाट्यानं रांधलं. जायच्या दिवशी माझ्याकडेही तिनं तेच मागितलं. “कुलवृत्तांत दे जरा. साल बघायचंय.” मी काढून दिला. तिनं खिडकीशी बसून पाहिला, परत दिला, चपला घातल्या. दारातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सापडलं का साल?” ती म्हणाली, “बरं, येते.”

त्यानंतर अकरा वर्षांनी काकू गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. शेजारच्या बाईंनी निरोप पाठवला, मी पोचलो तेव्हा संपलं होतं. उशाशी चष्मा होता, दांडीचा दोरा नवा बांधलेला. मंत्राग्नी मीच दिला. तिला दुसरं होतंच कोण?

दिवसांच्या विधीसाठी सासरच्या तीन पिढ्यांची नावं लागत होती. सहकारनगरच्या चुलतभावानं त्याच्याकडचा कुलवृत्तांत माझ्या हातात दिला. पहिलीच पानं चाळताना मला तांबडं काहीतरी दिसलं. ‘सगुणाबाई सती गेली’. ‘सती’ आणि ‘गेली’ ह्यांच्या मधे, ओळीखाली, अक्षर घालायची हंसपदाची खूण, आणि तिच्यावर तांबड्या शाईनं एक सुबक मोडी ‘न’.

मी चुलतभावाला दाखवलं. तो म्हणाला, “हे कधी झालं? आम्ही उघडतोय कुठं!”

मग मी वेड्यासारखा घरोघर फिरलो. कोथरूड, चिंचवड, सगळीकडे. काकू जिथं जिथं गेली होती तिथं तिथं तो ‘न’ होता. एकाही घरात तो कुणी पाहिलेला नव्हता. पुस्तकं शोकेसमध्ये होती, माळ्यावर होती, एका ठिकाणी तर पलंगाच्या पायाखाली होती. म्हाताऱ्या बाईनं एवढ्या बसगाड्या बदलून, एवढे चहा पिऊन, एकटीनं आख्खं घराणं दुरुस्त केलं, आणि घराण्याला पत्ताच नाही. चोरून करण्याची गरजच नव्हती. दिवाणखान्याच्या मध्यावर बसून केलं असतं तरी कुणी पाहिलं नसतं.

घरी आलो आणि माझी प्रत काढली. अकरा वर्षं ती माझ्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात होती, हात लांब केला की लागेल अशी. पान काढलं.

माझ्या प्रतीत ‘न’ नव्हता. नुसतं हंसपद होतं. तांबड्या शाईतलं, ‘सती’ आणि ‘गेली’च्या मधे. वरची जागा रिकामी.

मी पान उलटलं. तिची सवय मलाही लागलेली. मागं काहीतरी असेल, एखादा शब्द, एखादी शिवी. मागची बाजू मी उजेडाला धरून पाहिली. काही नव्हतं. मला सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

हल्ली पुतणे कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढताहेत, कॉम्प्युटरवर. मी त्यांना मूळ पत्र दाखवलं, धोंडिबांचं सांगितलं, मी काय केलं तेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चांगली मुलं आहेत. मग थोरला म्हणाला, “काका, पॉइंट बरोबर आहे तुमचा. पण आता तिथं देऊळ झालंय. अमेरिकेतले आपले लोक डोनेशन देतात, दर्शनाला येतात. सेंटिमेंट हर्ट कशाला करायच्या?” ज्वारीच्या शेतात आता अकरा मजल्यांच्या इमारती आहेत, बिल्डरनं संकुलाला सतीचंच नाव दिलंय आणि ओटा पार्किंगच्या कोपऱ्यात, देवळाला लागून, जाळीच्या कुंपणात आहे. वर फरशी बसवली आहे. आता तिथं बसता येत नाही.

माझ्या प्रतीत मी ‘न’ घातला. तांबडं पेन आणून, चष्मा लावून, हंसपदाच्या बरोबर वर. मला मोडी येत नाही, म्हणून बाळबोधच काढला. जरा वाकडा आला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, “छान आलाय.”

छान कसला! बघणारी गेल्यावर आलाय.